गाडीला लिंग असतं का हो?

आधी एक व्याकरणाचा प्रश्न. 'पल्सर' हा शब्द मराठीत कुठल्या लिंगाचा? "मी नवीन पल्सर घेतला" असं म्हणणारा मराठी माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. पल्सर 'घेतली'च जाते. ती पंक्चर होते, ती सर्व्हिसिंगला टाकली जाते, ती शेजारच्या कार्ट्याने खरवडली म्हणून भांडणं होतात. पण २००१ साली आपल्या आकुर्डीच्या बजाजने ही गाडी काढली तेव्हा जाहिरातीत काय होतं? 'डेफिनेटली मेल'!

आता गाडी चांगली होती, हे मान्य. उगाच खोटं कशाला बोला. दीडशे सीसीची दमदार गाडी सामान्य माणसाच्या खिशात बसवली, हे बजाजच्या इंजिनियर लोकांचं कौतुकच. पण मी पडलो इंजिनियर, मला स्पेसिफिकेशन वाचायची खोड. त्यात सीसी असते, टॉर्क असतो, वजन असतं, टाकीत किती लिटर मावतं ते असतं. 'मेल' हा रकाना नक्की कुठे असतो?

त्याआधीच्या जाहिराती काही फार पुरोगामी होत्या असं नाही. १९८९ च्या 'हमारा बजाज'च्या काळातही स्कूटर चालवायचे बाबा, आणि आई मागे एका बाजूला पाय सोडून. पण निदान ती स्कूटर अख्ख्या घराची होती. हिरो होंडा तर सरळ 'फिल इट, शट इट, फरगेट इट' म्हणत मायलेज विकायची. पल्सरने मायलेजच्या जागी मर्दानगी आणली, आणि ती तुफान खपली.

मग दुसऱ्या बाजूने उत्तर आलं. २००६ च्या सुमारास हिरो होंडाची प्लेझर, प्रियांका चोप्रा आणि 'व्हाय शुड बॉईज हॅव ऑल द फन?' ऐकायला काय झकास! पण जरा नीट बघा. मजा ही मूळची पोरांची मालमत्ता, हे यात गृहीतच धरलंय. त्यातला थोडा हिस्सा मुलींना मिळणार, तोही बिनगियरचा. म्हणजे भिंत तीच, फक्त पलीकडच्या बाजूला गुलाबी रंग.

आणि ही भिंत किती पोकळ आहे ते अ‍ॅक्टिव्हाने दाखवून दिलं. गियर नाही, पुढे पाय ठेवायला सपाट जागा. 'मुलींची गाडी' म्हणून नाकं मुरडून झाली, आणि २०१६ साली तिने स्प्लेंडरलाही मागे टाकलं. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा, पायाशी सिलिंडर नाहीतर भाजीच्या पिशव्या ठेवून निघालेले काका त्याच गाडीवर असतात. त्यांच्या पुरुषत्वाला ओरखडाही आलेला नाही. (निदान काकू तरी तसं म्हणत नाहीत.)

तरीही कॉलेजातल्या मुलीने दीडशे सीसीची गाडी मागितली की घरात पहिला प्रश्न येतो, "तुला झेपेल का?" प्रश्न चुकीचा नाही. गाडी जड असते, सीट उंच असते. पण उंची आणि वजन मोजता येतं राव! पाच फूट एक इंचाच्या मुलालाही सिग्नलला तितकंच तंगड्यावर उभं राहावं लागतं. त्याला कोणी विचारतं का? उलट तोच पोरगा, बिनगियरची घेतली तर मित्र हसतील म्हणून, न झेपणारी गाडी हप्त्यावर घेतो.

"अरे, जाहिरात आहे ती, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं म्हणणारे भेटतातच. लोक मनावर घेत नसतील तर कंपन्या कोट्यवधी रुपये काय हौस म्हणून उधळतात?

आता जरा कडू आकडे. सरकारी अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात. मृतांमध्ये पुरुषांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर. पुरुष रस्त्यावर जास्त असतात म्हणून जास्त मरतात, हे बरोबरच आहे, आणि हे सगळं जाहिरातींनी केलं असा माझा दावाही नाही. पण विशीतल्या पोराला 'वेग म्हणजे मर्द' हे तीस सेकंद दाखवायचं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'हे स्टंट तज्ज्ञांनी केलेले आहेत' असं लिहून हात झटकायचे, याला काय म्हणावं?

आणि या मर्दानी गाड्यांचं बिल भरतं कोण? कित्येकदा मुलीचा बाप! हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण 'आम्हाला काही नको, फक्त एक गाडी' हे वाक्य अजून ठणठणीत आहे. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका सुनेच्या मृत्यूनंतर लग्नात दिलेल्या फॉर्च्युनरची चर्चा महाराष्ट्रभर झाली. सासऱ्याच्या पैशाने आलेली गाडी 'डेफिनेटली' काय असते, ते एकदा कोणीतरी जाहिरातीत सांगावं.

असो. इंग्लंडमध्ये २०१९ साली फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीवर बंदी आली. पुरुष अंतराळात तरंगतायत आणि बाई बाबागाडीशेजारी बसलीय, एवढ्यावरून. आपल्याकडेही जाहिरातींचं स्वयंनियमन करणाऱ्या मुंबईच्या 'अ‍ॅस्की'ने २०२२ साली अशा लिंगभेदी साच्यांबद्दल नियम काढलेत. तक्रार कोणालाही करता येते, ऑनलाइन, फुकट. पुढची 'मर्दानी' गाडी टीव्हीवर दिसली की मी करणार आहे. फॉर्म भरायला पाच-दहा मिनिटं लागतील, तेवढ्यात आपला बिल्डसुद्धा होत नाही :)