मार्क ट्वेनचा तळ कोठे पडला होता?

अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईस आला, वॉटसन हॉटेलात उतरला आणि महिनाअखेरीस आमच्या बडोद्यास गायकवाड सरकारचा पाहुणा झाला. हे मुक्काम शोधावे लागत नाहीत. कीर्तिमान पाहुणा आला की दहा जण टिपून ठेवतात. परंतु त्याच्या तरुणपणीच्या एका तळाविषयी त्याच्या देशातील संशोधकांत दीर्घकाळ वाद चालला आहे.

हा तळ टाहो सरोवराकाठचा. सुमारे २२ मैल लांब आणि १२ मैल रुंद अशा या सरोवरातून कॅलिफोर्निया व नेवाडा या दोन राज्यांची सीमा जाते. १८६१ च्या सप्टेंबरात पंचविशीतील सॅम क्लेमेन्स आपल्या जॉन किनी नावाच्या सोबत्यासह कार्सन सिटीहून पायी तेथे गेला. इमारती लाकडाच्या जंगलावर हक्क सांगावा, हा बेत होता. पुढे त्यांच्याच शेकोटीचा वणवा भडकला, आणि दोघे होडीत बसून जळते रान पाहत राहिले. ‘मार्क ट्वेन’ हे नाव त्याने १८६३ त घेतले. तेव्हा या अनोळखी पोराची राहुटी कोठे होती, याची नोंद कोण ठेवणार?

एक पक्ष म्हणतो, तळ कॅलिफोर्नियाच्या हद्दीत उत्तर किनाऱ्यावर होता. दुसरा म्हणतो, नेवाडाच्या ईशान्य किनाऱ्यावर. दोघांचाही मुख्य आधार ‘रफिंग इट’ हे १८७२ चे पुस्तक. त्यातील तीन मैलांचे वल्हवणे, प्रचंड शिळा, पिवळ्या पाइनचे रान यांवरून नकाशे आखले जातात. आम्हांस येथे थोडे हसू येते. याच पुस्तकात वाटेवरच्या डोंगराची उंची हजार मैल सांगितली आहे! ज्याचा डोंगर हजार मैलांचा, त्याचे तीन मैल साखळीने मोजून काय हाती लागणार? त्याच सुमारास त्याने घरी लिहिलेली पत्रे आम्ही अधिक विश्वसनीय मानतो. पण तीही आईबहिणीसाठी लिहिलेली, मोजणीदारासाठी नव्हेत. शिवाय पुढे बांधलेल्या धरणामुळे सरोवराची पातळी काही फूट चढू शकते. त्या वेळची वाळू आज जागेवर सापडेलच असे नाही.

मग हा वाद निरर्थक आहे काय? आमचे मत तसे नाही. त्यायोगे जुनी पत्रे, जुन्या वाटा व रानांचा इतिहास पुन्हा वाचला जातो. आमचा आक्षेप आहे तो निर्णयाच्या घाईस. ईशान्य किनाऱ्यावरील एका खाडीस क्लेमेन्सचे नाव द्यावे, असा प्रस्ताव नेवाडात आला होता. २०१४ साली वाशो जमातीने त्यास विरोध केला आणि तो बाजूस पडला. ‘टाहो’ हा शब्द वाशो लोकांच्याच भाषेतून आला. ट्वेनने त्या नावाची टवाळी केली होती आणि तेथील मूळ रहिवाशांविषयी अपमानकारक लिहिले होते. त्याच्या लेखणीवर आमचे प्रेम आहे. बडोद्याविषयी त्याने लिहिलेली पाने आम्ही आवडीने वाचतो. तथापि ज्या किनाऱ्यावर त्याचा तळ होता हेच सिद्ध नाही, तेथे त्याचे नाव कोरून मूळच्या रहिवाशांस दुखवावयाचे, हे आम्हांस पटत नाही. वाशोंचे म्हणणे ऐकले गेले, हे योग्यच झाले.