चहाचंही डॉक्टरांना सांगा

परवा आमच्या रिद्धपूरला बचत गटाची बैठक आटोपली आणि एका मैत्रिणीने हळूच विचारलं, "वहिनी, केमो सुरू असताना चहा चालतो का हो?" तिच्या सासूबाईंना नागपूरला पहिलं सलाईन लागायचं होतं. उठायला निघालेल्या बाकीच्या जणी पुन्हा बसल्या. एक म्हणाली, चहा म्हणजे विषच, आजच बंद करा. दुसरी म्हणाली, काळी कॉफी पाजा, गाठी विरघळतात, मोबाईलवर आलं होतं. मी मात्र गप्प होते. हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी मी डॉक्टरांना विचारायला हवा होता, आणि विचारला नव्हता.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना तेव्हा स्तनाचा कॅन्सर निघाला होता. दर एकवीस दिवसांनी ते लाल औषध. ज्यांच्या घरात हे दुखणं येऊन गेलं, त्यांना लाल औषध म्हटलं की कळतं. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. तोंडाची चव पार गेलेली, वरण-भाताचं ताट पाहिलं की त्या तोंड फिरवायच्या. घशाखाली उतरायचा तो फक्त चहा आणि त्यात बुडवलेली दोन बिस्किटं. दिवसाला पाच-सहा कप तरी व्हायचे. आणि मी, घरातली शिकलेली सून, गावभर आरोग्याच्या गोष्टी सांगत फिरणारी, कुठलंसं कात्रण वाचून त्यांचा चहा एका दिवसात बंद केला. कॅफिनमुळे औषधाचा जोर मरतो, असं त्यात लिहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं ठणकायला लागलं. "मले घोटभर तरी दे वं," म्हणाल्या. मी नाही दिला. उलट दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, रात्री एक, असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरली. थर्मामीटर लावलं तर १०३. रात्रीच गाडी करून नागपूर गाठलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. आठवडाभर तिथेच राहावं लागलं.

तिथल्या बाकड्यावर बसून मी त्या गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. पॅरासिटामॉल आणि कॅफिन! जवळपास कपभर चहात असतं तेवढं. म्हणजे चहा तोडून मी त्यांना कॅफिनच देत होते, आणि पॅरासिटामॉलने ताप झाकत होते तो वेगळाच. सलाईननंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत १००.४ च्या वर ताप गेला की वाट पाहायची नसते. ताप न मोजता गोळी देणं म्हणूनच धोक्याचं. डोकं दुखलं ते का, हेही नंतर कळलं. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचा चहा एकदम तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरू शकतं.

जाऊबाई बऱ्या झाल्या, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय.

मग कात्रण खोटं होतं का? तसंही नाही. मी कला शाखेची, पण खोदून विचारायची सवय आहे. प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, कॅफिन या लाल औषधाच्या रेणूंना चिकटतं आणि त्याचा जोर कमी करतं, असं दिसलेलं आहे. आणि प्रयोगशाळेतच असंही दिसलंय, की औषधाने मोडलेल्या कॅन्सरच्या पेशी स्वतःची दुरुस्ती करतात, त्यात कॅफिन अडथळा आणतं, म्हणजे औषधाला मदतच करतं. जपानमधल्या कानाझावा विद्यापीठात तर हाडाच्या कॅन्सरला सिस्प्लॅटिनसोबत कॅफिन शिरेतून देऊन उपचार केले गेले. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं कॅफिन, त्याचं प्रमाण चहाच्या कितीतरी पट. आपल्या एका कपात असतं साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. एका प्रयोगावरून 'विष' आणि दुसऱ्यावरून 'अमृत', अशी दोन्ही कात्रणं तयार होतात, आणि भोगतं ते अंथरुणावरचं माणूस.

खऱ्या अडचणी साध्या असतात. केमोसोबत बऱ्याचदा स्टेरॉइड देतात, त्याने आधीच झोप उडते. त्यावर संध्याकाळचा चहा म्हणजे रात्रभर टक्क जागं. जुलाब लागले असतील किंवा छाती धडधडत असेल तर चहा त्रास वाढवू शकतो. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू असेल तर शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडत नाही, नेहमीचाच कप जड जातो. आणि मुलं शहरातून आणून देतात तो ग्रीन टी? मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं बोर्टेझोमिब त्यातल्या एका घटकाला बांधलं जाऊन निकामी होतं, असं २००९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. तिथे दोष कॅफिनचा नाही. पण 'हर्बल आहे, काय होते' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माझं म्हणणं एवढंच, की रुग्णाच्या हातचा कप काढून घेण्याचा अधिकार शेजारणीला नाही, मोबाईलला नाही आणि माझ्यासारख्या शहाण्या जावेलाही नाही. आपल्याकडून पेशंट नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटलला जातात, मुंबईला टाटाला जातात. एवढं भाडं खर्चून जायचं आणि डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारलं की मान हलवून "काही नाही" म्हणायचं! चहाला आपण 'काही' धरतच नाही. काढा, गावठी औषध, दुकानातली गोळी हे तर भीतीने लपवतोच.

पुढच्या खेपेला मी वहीचं पान घेऊन गेले. किती कप, केव्हा, कोणत्या गोळ्या, कोणता काढा, सगळं लिहिलेलं. डॉक्टरांनी ते दोन मिनिटं शांतपणे वाचलं. जाऊबाईंसाठी त्यांनी सांगितलं ते असं : दिवसाला दोन-तीन कप चालतील, दुपारी चारनंतर नको, लोहाच्या गोळीपासून दूर, काढा बंद, आणि विचारल्याशिवाय डोकेदुखीची गोळी नाही. त्या मैत्रिणीलाही मी तसंच पान करून दिलं. तिच्या सासूबाईंचं औषध वेगळं, तेव्हा उत्तरही वेगळं असू शकेल.

परतीच्या एसटीत जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग मोर्शी आल्यावर म्हणाल्या, "कागदावर बिस्किटं बी लिहाची होती ना वं. आता घरी गेल्यावर त्याईवर नजर ठेवशील तू."