मधली सुट्टी कमी करू नये



गेल्या दोन पालक सभांमध्ये दोन मागण्या पुन्हा पुन्हा आल्या. मधली सुट्टी ३० मिनिटांची आहे, ती १५ मिनिटांची करावी आणि वाचलेल्या वेळात स्पर्धा परीक्षांची तयारी घ्यावी, ही पहिली. दुसरी अशी की, सहावीपासून गुणांप्रमाणे तुकड्या पाडाव्यात, म्हणजे हुशार मुले इतरांमुळे अडणार नाहीत. विश्वस्त मंडळापुढे हा विषय येणार आहे, म्हणून माझे मत आधीच मांडतो. माझा दोन्हींना विरोध आहे.

मागणी करणाऱ्या पालकांची चिंता मला समजते. एम.पी. नगरात चौकाचौकांत कोचिंगच्या पाट्या, त्यावर यशस्वी मुलांचे फोटो. त्यातला एखादा ओळखीचा निघाला की घरात शांतता कशी राहणार?

माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे या सगळ्यासाठी मला मराठी शब्दाआधी हिंदी शब्द सुचतो, 'आपाधापी'. मराठीतल्या 'धावपळी'त नुसते धावणे आहे. 'आपाधापी'त ज्याने त्याने फक्त स्वतःपुरते पाहणे आहे. आजच्या घाईला हा हिंदी शब्द अधिक लागू पडतो. घाईत माणूस दमतो हे तर झालेच, पण शेजारी कोण आहे हे बघायलाही त्याला सवड राहत नाही.

आपले भोपाळ एके काळी सवडीसाठीच प्रसिद्ध होते. चौक बाजार, इब्राहिमपुरा या जुन्या भागात दुकानांसमोर दगडी पटिये असत. रात्री दुकाने बंद झाली की तिथे मंडळी जमत. बुद्धिबळ, शायरी, राजकारण, सोबत नमकीन सुलेमानी चहा. पटियेबाजीला रिकामटेकडेपणा म्हणणारे तेव्हाही होते, आणि ते अगदीच चूक होते असेही नाही! पण त्या दगडावर बसायला ना फी लागे ना गुणपत्रिका. हिंदू, मुसलमान, व्यापारी, कारकून, विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. आता असे पटिये फार थोडे उरले. आपण नव्या कॉलन्यांत राहायला आलो, तिथे फाटक आहे, पहारेकरी आहे, पण बसायला पटिया नाही. मुले व्हॅनमधून शाळेत येतात, व्हॅनमधूनच क्लासला जातात. दिवसभरात ज्याची आपण निवड केलेली नाही अशा मुलाशेजारी बसून डबा खाण्याची वेळ फक्त मधल्या सुट्टीत येते. तीच निम्मी करायची?

सातवीतली मुले डबा कशी खातात ते मी रोज बघतो. पहिली दहा मिनिटे खाण्यात आणि हात धुण्यात जातात. भांडण, समेट, मराठी-हिंदीची सरमिसळ, साबुदाण्याच्या खिचडीच्या बदल्यात पराठा, हे सगळे त्यानंतर सुरू होते. पंधरा मिनिटांत नेमके तेच कापले जाईल. एकटे बसणारे मूल शिक्षकांना दिसते तेही याच वेळी. वर्गात ते दिसत नाही, कारण वर्गात सगळेच गप्प असतात.

तुकड्यांविषयी थोडक्यात. आपल्या शहरात २०१३ मध्ये जलद बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका केली होती. उरलेल्या रस्त्यावर इतर वाहनांची काय दाटी व्हायची, ते आपण सर्वांनी सोसले आहे. २०२४ मध्ये ती काढायला सुरुवात झाली. रस्ता उखडता येतो. अकराव्या वर्षी 'ब तुकडी' असा शिक्का बसलेल्या मुलाचे काय करणार?

हे फक्त माझे मत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे त्यात आहे. मग सहावीतच तो अभ्यास शाळेने आणायचा? विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निर्देश दिले. शक्यतो गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत कमी लेखू नये, आणि १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे त्यात सांगितले आहे.

ज्यांना अभ्यासात पुढे जायचे आहे त्यांना अडवावे, असे मी म्हणत नाही. शाळा सुटल्यावर गणित आणि विज्ञानाचा एक तास ठेवू. तो सर्वांसाठी खुला असेल, निवड गुणांवर होणार नाही. दोन शिक्षक तयार आहेत. समुपदेशकाच्या मानधनाचा प्रस्ताव मी विश्वस्तांकडे पाठवत आहे. नव्या संगणकांच्या खरेदीआधी तो विचारात घ्यावा, ही विनंती.

ज्या पालकांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी सभेत जरूर बोलावे. मात्र त्याआधी एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेत यावे आणि पूर्ण ३० मिनिटे थांबावे. आपल्या मुलाला आधी सांगू नये.

— प्राचार्य