दगड फोडणार का?

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मावशी, उद्या बारापर्यंत फॉर्म भरायचाय आणि आमच्याकडे महायुद्ध पेटलंय. तू बाबांशी बोल ना."

महायुद्धाचं कारण ऐकून आधी मला हसूच आलं. एफ. वाय. बी. कॉम. ला नुकतीच ॲडमिशन झाली होती आणि पहिल्या सेमिस्टरचा एक विषय ठरत नव्हता. एक. तोही दोन क्रेडिटचा!

ज्यांच्या घरात सध्या कॉलेजात जाणारं कुणी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट. मेजर म्हणजे मुख्य विषय, आणि त्याच्या भोवती भाषा, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे छोटे छोटे विषय, पानात चटणी-कोशिंबीर वाढतात तसे. त्यातच एक असतं ओपन इलेक्टिव्ह. हे आपल्या शाखेच्या बाहेरचं घ्यायचं. कॉमर्सवाल्यानं सायन्सचं किंवा आर्ट्सचं, सायन्सवाल्यानं आणखी कशाचं.

भाचीच्या कॉलेजच्या यादीत अशी आठ नावं होती. तिला हवं होतं आकाशदर्शन. भाऊजींना हवी होती कॉम्प्युटरची तोंडओळख.

मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, वर्ड-एक्सेल तिला येतंच. अभ्यास शून्य आणि मार्क पैकीच्या पैकी. सप्टेंबरात सीए फाउंडेशन आहे, तिकडे लक्ष देईल. आणि मला सांगा, जुलै ते सप्टेंबर पुण्यात ढग. कसलं आकाशदर्शन करणार आहे ती?"

ढगांच्या मुद्द्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं :-) पण बाकीचं बोलणं ऐकताना मला वेगळाच आवाज ऐकू येत होता. आमच्या मोठ्या काकांचा, १९८६ मधला.

तेव्हा मी एफ. वाय. बी. एस्सी. ला होते. चार विषय घ्यायचे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे ठरलेलेच. चौथा स्टॅटिस्टिक्स की जिऑलॉजी, एवढीच काय ती निवड. मला जिऑलॉजी घ्यायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आजोळ वाईचं, लहानपणापासून डोंगर बघत आलेले, तेवढंच. काका झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत म्हणाले, "जिऑलॉजी घेऊन काय दगड फोडणार का? आणि त्यांच्या सहली असतात म्हणे, आठ-आठ दिवस. मुलीच्या जातीनं डोंगर तुडवत फिरायचं? स्टॅटिस्टिक्स घे. स्कोअरिंग आहे." सगळे हसले. मीही हसले. आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं.

आता खोटं कशाला बोलू, स्टॅटिस्टिक्सनं माझं काही वाईट केलं नाही. मार्क मिळाले, पुढे बँकेत नोकरी लागली, सगळं छान झालं. काकांवर रागही नाही. ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण एक प्रसंग मनातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाट चढताना जिऑलॉजी घेतलेल्या मैत्रिणीनं गाडी थांबवायला लावली. कड्यात एक तांबडा पट्टा दिसत होता. म्हणाली, "हा दिसतोय ना, त्याच्या खाली एक लाव्हा आणि वर दुसरा. खालचा थंड होऊन त्याची माती व्हायला लागली, तोवर वरचा येऊन पसरला. मधल्या काळाची ही माती, वरच्या लाव्हाखाली भाजून निघालेली." अख्खा सह्याद्री असा थरावर थर रचून झालाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि म्हणूनच आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, हे ती अगदी सहज सांगत होती. ही बाई जिऑलॉजिस्ट नाही हं. विमा कंपनीत नोकरी करून रिटायर झाली. जिऑलॉजीही फक्त एक वर्ष केलं. त्या घाटातून मी अक्षरशः शेकडो वेळा गेले असेन. एस. टी. च्या खिडकीतून तो तांबडा पट्टा मलाही दिसला असणार. पण दिसला नव्हता.

तेव्हा मला कळलं की मला विषयाची तेवढी हळहळ नाहीये. विषय मी निवडलाच नव्हता, याची आहे. सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं, तुला काय हवं? आणि मी घरातल्यांच्या हसण्याला घाबरून उत्तर बदललं.

म्हणून माझं मत आज अगदी ठाम आहे. पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय मनाला येतील तसे घ्या, असं मी म्हणणार नाही. काही निवडी पुढची दारं बंद करतात. मेजर विचारपूर्वकच घ्यावं. गणित सोडायचं असेल तर पुढे कुठे कुठे ते लागतं हे आधी विचारून यावं. तिथे आईबापांनी, मामा-मावश्यांनी जरूर बोलावं. पण ज्या विषयानं एकही दार बंद होत नाही, तो तरी मुलांना निवडू द्या हो!

बँकेतली माणूस आहे, हिशोब मांडूनच दाखवते. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. क्रिकेटच्या आठ-नऊ ट्वेन्टी-ट्वेन्टी मॅचेस बघायला लागतो तेवढा वेळ. आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातले हे दोन म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. इतक्या स्वस्तात चूक करून बघायची संधी पोरांना पुन्हा कधी मिळणार? आणि जे येतंच आहे तेच पुन्हा शिकायला फी कशाला भरायची, हे मला खरंच कळत नाही.

सीनियर्सना विचारताना "स्कोअरिंग आहे का?" हा प्रश्न मागे ठेवावा. "शिकवतं कोण? तास होतात का?" हे आधी विचारावं. साधा विषय चांगल्या मास्तरांच्या हातात फुलतो आणि भारी नावाचा विषय नुसत्या नोट्स वाटून संपतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. दुपारी काम करून घर चालवणारी मुलं या कॉलेजांत खूप आहेत. त्यांचा विषय त्यांची आवड ठरवत नाही, टाइमटेबल ठरवतं. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की मनाचं ऐका? आणि यादीत आठ नावं छापून, शिक्षक नाहीत म्हणून त्यातली तीनच चालवायची आणि फॉर्मला एक दिवस द्यायचा, याला निवड म्हणत नाहीत. कॉलेजांनी यादी छोटी ठेवावी, पण खरी ठेवावी. आणि पहिले आठ-दहा दिवस कुठल्याही तासाला बसून बघायची मुभा द्यावी. यात कुणाचा काय तोटा आहे?

असो. त्या रात्री भाऊजींना मी हा दगडांचा किस्सा सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "भरू दे तिला काय भरायचंय ते. ढग मात्र मी हटवणार नाही." ताई मागून हसल्याचं ऐकू आलं.

ढग खरंच ऑक्टोबरपर्यंत हटले नाहीत. सगळी थिअरी पावसातच झाली. फाउंडेशनचं काय झालं ते सांगत नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध जोडला की आपण परत मार्कांवरच येतो. पण नोव्हेंबरात एका रात्री तिचा फोन आला. "मावशी, गच्चीवर जा. शनी दिसेल. आम्ही आज दुर्बिणीतून बघितला. यंदा त्याची कडी जवळजवळ आडवी झालीयेत, नुसती रेघ दिसते. दर पंधराएक वर्षांनी असं होतं. आणि ऐक ना, बाबा पण आले होते!"

मी गच्चीवर गेले. साध्या डोळ्यांना कडी दिसत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. तरी बराच वेळ उभी राहिले.

तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो, तुला काय हवं म्हणून? आणि तुम्ही काय उत्तर दिलं होतं?