पात्यावरचे पट्टे

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या महाविद्यालयात छंदांचे प्रदर्शन भरले होते, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी आणि काड्यापेट्यांवरची चित्रे यांच्या शेजारी मी केलेली एका विमानाची प्रतिकृती मांडली होती. १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरलेल्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानाची ती १/७२ प्रमाणातली, तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती. तिचे पंख, पंखांमधल्या बारीक तारा, शेपटीवरचे रंग यांकडे कोणी फारसे पाहिले नाही. जो तो नाकावरच्या प्रोपेलरकडे बोट दाखवी. प्लॅस्टिकच्या त्या चिमुकल्या पात्यांवर मी एक फिका, एक गडद असे पट्टे रंगवले होते. ‘अगदी खरं लाकूड वाटतं हो!’ असे एक प्राध्यापिकाबाई म्हणाल्या. परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीसही दिले.

बक्षीस आनंदाने घेतले. पण आज या पानांवर कबूल करायला हवे, की तो प्रोपेलर साफ चुकला होता. ज्या पट्ट्यांचे कौतुक झाले, नेमके तेच चुकीचे होते.

त्याच दिवशी इतिहासाच्या सरांनी एक प्रश्न विचारला होता. ‘प्लॅस्टिकवर लाकूड रंगवण्याचा हा खटाटोप कशाला? लाकडाचीच कपची तासून का नाही बसवलीत?’ मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधतानाच माझी चूक मला कळली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम सरांच्या प्रश्नाचे उत्तर. अडीच मीटर लांबीचा प्रोपेलर १/७२ प्रमाणात आणला, की तो जेमतेम ३५ मिलिमीटरचा होतो. म्हणजे आगपेटीतल्या काडीहून थोडा लहान. प्रोपेलर आकाराने बहात्तर पट लहान झाला, पण कपचीतल्या लाकडाच्या शिरा काही बहात्तर पट बारीक होत नाहीत. त्या कपचीवर एक मिलिमीटर रुंदीची शीर असली, तर मूळ विमानाच्या हिशेबाने ती ७२ मिलिमीटर रुंद झाली. चार बोटे रुंदीची शीर असलेले झाड जगात कोठे उगवते? लाकूड खरे असूनही दृश्य खोटे ठरते. उलट रंगाची शीर हवी तितकी बारीक, हवी तितकी अस्पष्ट करता येते. लहान प्रमाणात खऱ्या लाकडापेक्षा रंगवलेले लाकूडच अधिक खरे दिसते, हे विचित्र वाटेल. पण ते असे साध्या भागाकाराने सिद्ध होते.

मात्र रंगाला हा जो अधिकार मिळतो, त्याबरोबर एक जबाबदारीही येते. लाकडाची कपची आपल्या शिरा आपणच घेऊन येते. रंगवणाऱ्याला प्रत्येक रेघ स्वतः ओढावी लागते आणि ती तेथेच का ओढली, याचे उत्तर द्यावे लागते. मी ते दिले नव्हते. एका रंगीत चित्रात पट्टेदार प्रोपेलर पाहिला, तो आवडला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर पट्टे ओढून मोकळा झालो.

हे पट्टे मुळात येतात कोठून? एकाच जाड ओंडक्यातून प्रोपेलर कोरला, तर हवेतल्या दमटपणाने तो वाकण्याचा, तडकण्याचा धोका फार. म्हणून निवडलेल्या, चांगल्या वाळलेल्या फळ्या सरसाने एकावर एक चिकटवीत. पुष्कळदा फळ्यांची टोके जपानी पंख्यासारखी थोडी थोडी सरकवून लावीत, म्हणजे पुढे पात्याचा पीळ कोरताना लाकूड कमी वाया जाई. हा जुडगा दाबून ठेवून पक्का झाला, की मग त्यातून पाते तासून काढायचे. तासताना जेथे जेथे दोन फळ्यांमधला सांधा उघडा पडतो, तेथे तेथे रेघ दिसते. पट्टे सुताराने शोभेसाठी काढलेले नसतात. ती त्याच्या कामाची आपोआप उमटलेली नोंद असते.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे चटकन कळेल. नकाशावरच्या समोच्चरेषा आठवा. चढ उभा असतो तेथे त्या दाटीने येतात आणि जमीन सपाट होते तेथे दूर दूर जातात. डोंगरउतारावरच्या भातखाचरांचेही तसेच. प्रोपेलरचे पाते मध्याजवळ उभट असते आणि टोकाकडे सपाट होत जाते. म्हणून मध्याजवळ रेघा दाट असतात. टोकाकडे जाता जाता त्या फाकतात, लांब वळण घेतात आणि एकेक करून पात्याच्या कडेला जाऊन संपतात. टोकापासून टोकापर्यंत समांतर धावणारा पट्टा अशा पात्यावर संभवतच नाही. माझ्या कॅमलवर तसे सहा होते!

दुसरी चूक याहून मोठी. फिके आणि गडद पट्टे दिसायचे, तर फळ्या दोन निराळ्या जातींच्या लाकडांच्या हव्यात. जर्मन कारखान्यांत असे प्रोपेलर होत. अक्रोडाच्या गडद फळीला लागून एखाद्या फिक्या लाकडाची फळी येई. अॅक्सिअल, हाइने, वोल्फ अशी त्या निर्मात्यांची नावे. त्यांतच बर्लिनच्या एका निर्मात्याचे नाव होते ‘गरुडा’! विष्णूचे वाहन जर्मन विमानांच्या नाकावर जाऊन बसले होते, हे वाचून मला गंमत वाटली. ब्रिटिशांचे प्रोपेलर मात्र बहुतेक एकाच जातीच्या लाकडाचे, महोगनीचे किंवा अक्रोडाचे असत. त्यांवर सांधे दिसतात ते जवळून पाहिल्यावर, एकाच रंगाच्या दोन छटांमधल्या पुसट रेघेसारखे. म्हणजे मी ब्रिटिश विमानाला जर्मन धाटणीचा प्रोपेलर लावला होता, आणि तोही चुकीच्या रेघांचा.

याच्याही मागे गेले तर आणखी एक धडा मिळतो. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उड्डाण केले, त्या विमानाला साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर होते. जहाजांच्या पंख्यांचे शास्त्र आयते वापरता येईल, अशी त्यांची आधी समजूत होती. ते जमेना, तेव्हा प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच होय, असा विचार त्यांनी केला आणि स्प्रूसच्या फळ्या जोडून कुऱ्हाडीने व दोन मुठींच्या चाकूने आपली पाती स्वतः तासली. टोके फुटू नयेत म्हणून त्यांवर कापड चिकटवले आणि सगळ्यावर अॅल्युमिनियमचा रंग दिला. म्हणजे इतिहासातल्या या प्रसिद्ध लाकडी प्रोपेलरवर लाकडाचा रंग दिसतच नव्हता! त्याच्या प्रतिकृतीवर जो हौसेने तपकिरी शिरा काढील, तो प्रेक्षकांना खूश करील, पण राइट बंधूंच्या हाताला नाकारील. याउलट २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली, ती शोव्हिएर यांच्या अक्रोडी प्रोपेलरच्या बळावर. त्याचे ते तलवारीसारखे बाकदार पाते रंगवताना लाकडाचे सौंदर्य दाखवायला पूर्ण मुभा आहे. नियम एकच, की आधी वस्तू पाहावी आणि मग कुंचला उचलावा.

‘पाहावी’ म्हणणे सोपे आहे. आपण पाहतो ती त्या काळची कृष्णधवल छायाचित्रे. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या काचांना तांबड्या रंगाची जाण नसे, त्यामुळे तांबूस महोगनी छायाचित्रात जवळजवळ काळी उतरते. संग्रहालयातल्या प्रोपेलरवर विसंबावे, तर शंभर वर्षांत त्याचे व्हार्निश गडद झालेले असते, किंवा कोणीतरी ते खरवडून नवे चढवलेले असते. एक साधन रंग काळवंडून सांगते, दुसरे वय मिसळून सांगते. मग दोन्ही ताडून, लाकडाची जात जाणून, त्या दिवशी तो प्रोपेलर कसा दिसला असेल याचा अंदाज करावा लागतो. सर, इतिहासाच्या तासाला आपण आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवता, ती याहून वेगळी आहे का?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या मित्रांनी घेतलाही आहे. ३५ मिलिमीटरच्या तुकड्यावरच्या रेघा कोण तपासणार? लोकांना पट्टे आवडतात ना, मग दे पट्टे! कला म्हणजे काही पंचनामा नव्हे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चित्रकाराने निसर्गात बदल करावा, नाटककाराने इतिहासात कल्पना मिसळावी, हे मला मान्य आहे. पण ते तसे करतात तेव्हा आपण काय बदलले, हे त्यांना ठाऊक असते. मी पट्टे ओढले ते अज्ञानाने, आणि प्रतिकृतीखाली चिठ्ठी लावली ‘सॉपविथ कॅमल, १९१७’. त्या चिठ्ठीने मी पाहणाऱ्याला एक शब्द दिला होता. तो मी पाळला नाही.

शिवाय ही वस्तू केवळ शोभेची नव्हती. विमानाच्या नाकावर बंदूक बसवावी, तर समोर आपलाच लाकडी प्रोपेलर फिरतो आहे, ही त्या युद्धातली मोठी अडचण होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोस हा पात्यांवर पोलादी पाचरी बसवून लढला, म्हणजे आपलीच गोळी लागली तरी पाते फुटू नये. तो जर्मनांच्या हाती सापडला, आणि थोड्याच काळात फोकरच्या विमानांवर पात्यांच्या मधून अचूक गोळी सोडणारी यंत्रणा आली. मेलेल्या कित्येक वैमानिकांच्या थडग्यांवर प्रोपेलरच्याच लाकडाचे क्रूस उभारले गेले. प्रोपेलरच्या मध्यावर रेखाटनाचा क्रमांक, इंजिनाचे नाव, व्यास हे सारे ठोकलेले सापडते. ज्याने रंधा मारला त्याचे नाव सहसा नसते. ब्रिटनमधल्या कारखान्यांत युद्धकाळात स्त्रियाही हे काम करीत. त्यांचीही नावे नाहीत. त्यांची सही म्हणून काही उरले असेल, तर सांध्यांच्या त्या रेघाच. मनास येईल तशा रेघा ओढणे म्हणजे ती सही पुसून आपली करणे होय.

उपदेश पुरे, कृती सांगतो, कारण ती अवघड नाही. आधी पात्यावर फिकट मातकट पिवळा रंग द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. जर्मन प्रोपेलर असेल, तर चिकटपट्टीच्या केसाएवढ्या पट्ट्या कापून त्या समोच्चरेषांच्या वळणाने लावाव्यात आणि मधल्या जागी गडद रंग भरावा. ब्रिटिश असेल तर पट्टी नकोच. टोक केलेल्या पेन्सिलीची हलकी रेघ पुरते. मग बर्न्ट अंबर किंवा बर्न्ट सिएना हा तैलरंग अगदी थोडा घेऊन लावावा आणि कोरड्या चपट्या कुंचल्याने पात्याच्या लांबीच्या दिशेने ओढून बहुतेक पुसून टाकावा. उरते ती शीर. ती दिसते न दिसते, तेव्हाच बरोबर समजावी. तैलरंग वाळायला चार-पाच दिवस लागतात. तेवढा धीर धरावा. शेवटी व्हार्निशमध्ये नारिंगी पारदर्शक रंगाचा थेंब मिसळून एक हात द्यावा. आणि तेलाचे डाग प्रोपेलरवर माखू नयेत. कॅमलच्या इंजिनात एरंडेल वापरीत हे खरे, पण इंजिन प्रोपेलरच्या मागे असते आणि वारा तेल आणखी मागे नेतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या कॅमलचा प्रोपेलर असा पुन्हा रंगवला. आता तो साधा, तांबूस तपकिरी आहे. सांधे उजेडाकडे धरल्यावर कळतात. खोलीवर येणाऱ्या एकाही मित्राने त्याच्याकडे बोट दाखवलेले नाही. उलट एकाने विचारले, ‘अरे, तो पट्ट्यांचा छान प्रोपेलर कुठं गेला?’

जुना प्रोपेलर मी टाकलेला नाही. बक्षिसाच्या प्रमाणपत्राबरोबर तो एका पाकिटात ठेवला आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात दोन्ही शेजारी शेजारी मांडावेत, असा विचार आहे. कोणता खरा, हे पाहणाऱ्यांनीच ओळखावे. इतिहासाच्या सरांनी त्या वेळी जरा लवकर यावे, एवढीच विनंती.