पोटदुखीची नोंद

लोणी म्हटले की आमच्या व्यवसायबंधूंपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रवरानगरचे, वैद्यकीय महाविद्यालय असलेले लोणी उभे राहते आणि पुणेकरांना सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर आठवते; परंतु आज आम्हांस ज्या लोणीचे स्मरण होत आहे, ते या दोहोंपैकी एकही नव्हे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेस, धामणीच्या शेजारी हे तिसरे लोणी आहे. ज्या तालुक्याच्या पश्चिमेकडे भीमाशंकरच्या रानात आषाढात चार हातांवरचे दिसेनासे होते, त्याच तालुक्याच्या या अंगाला मृगाची एखादी सर आली तरी लोक ती मोजून ठेवतात. बाजरी, कांदा, मेंढरे आणि गावठाणापासून दूर शेतात विखुरलेल्या वस्त्या असा हा टापू असून, येथील माणूस उन्हाळ्यात अंगणात आणि पावसाळ्यात छपराखाली, परंतु बाराही महिने बहुधा भुईवरच निजतो. ही शेवटची बाब रोगनिदानाच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे कळण्यास आम्हांस एका माणसाच्या प्राणांची किंमत द्यावी लागली.

सुमारे 40 वर्षांपूर्वी या टापूतील एका दवाखान्यात आम्ही नव्याने रुजू झालो होतो. मृगाचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. पहाटे 5 च्या सुमारास बाविशीच्या एका तरुणास घोंगडीत घालून चौघांनी आणले. पोटात कळा, दोनदा उलटी; ताप नाही, जुलाब नाहीत, पोट हातास मऊ. "रात्री काय जेवलास?" या आमच्या प्रश्नास "भाकरी आन् सकाळचं कालवण" असे उत्तर मिळाले, आणि त्या शिळ्या कालवणाने आमची चौकशी तेथेच बरखास्त केली. इंजेक्शन देऊन आम्ही त्यास बाकावर निजविले. थोड्या वेळाने त्याची आई म्हणाली, "सायेब, ह्याला डोळं उघडवंनात." आम्ही म्हणालो, "मावशी, रातभर तळमळलाय, झोपू द्या त्याला." तासाभरात त्याचा आवाज नाकात येऊ लागला, लाळ गिळवेना, आणि श्वास उथळ होऊ लागला तेव्हा कोठे आम्ही जीप मागविण्याची धावपळ केली. दवाखान्यात हाताने श्वास देण्याची अंबू बॅग नव्हती. तो वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी वस्तीवर त्याचे अंथरूण झटकले, तेव्हा गोधडीच्या घडीतून मण्यार निघाली.

मण्यारीचे दात बारीक असतात, दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. झोपेत चावलेल्या माणसास पहाटे पोटदुखीने जाग येते, आणि पुढे पापण्या जड होतात. एवढे आज पदवी परीक्षेचा विद्यार्थीही सांगेल. आम्हांस ते त्या पहाटे सुचले नाही, आणि "रात्री कोठे निजला होतास?" हा चार शब्दांचा प्रश्न विचारण्याचे राहून गेले. तथापि आमची खरी कसूर त्यानंतरची आहे. नोंदवहीत आम्ही लिहिले: 'पोटदुखी, उलटी. इंजेक्शन दिले. पुढे पाठविले.' या मजकुरात खोटे असे काहीच नव्हते. म्हणूनच सरकारी दप्तरात तो तरुण सर्पदंशाने कधीच मेला नाही, आणि आमच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरास त्या नोंदवहीतून शिकण्यासारखे काही उरले नाही.

हे एका दवाखान्यापुरते असते तर त्याची वाच्यता करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु 2020 साली 'ई-लाइफ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरोघर जाऊन मृताच्या आप्तांचे जबाब घेण्याच्या पद्धतीने जमविलेल्या 6 लाखांहून अधिक मृत्यूंच्या छाननीवरून, 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे, म्हणजे वर्षास सरासरी 58,000, मरण पावल्याचा अंदाज निघाला. असा शोध घेण्यास दारोदार हिंडावे लागले, याचा अर्थ दवाखान्यांच्या दप्तरांतून तो निघू शकत नव्हता. आमच्या सहीची ती नोंद अशा हजारो नोंदींपैकी एक होय.

संशोधन हे मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींत, परदेशी यंत्रांच्या सान्निध्यात करावयाचे कृत्य असून गावच्या डॉक्टराने त्याचे निष्कर्ष तेवढे औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून ऐकावयाचे असतात, ही जी समजूत आमच्या मंडळींत मुरली आहे, तिचे खंडन करण्यास महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण पुरेसे आहे. जालना जिल्ह्यातील देहेडसारख्या खेड्यातून आलेले हे डॉक्टर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, आणि विशेषतः मुले, फुप्फुसांत पाणी होऊन दगावत असत. अशा रुग्णांच्या फुप्फुसांतील पाण्याविषयी मुंडले यांचे पत्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 1961 सालीच छापून आले होते. परंतु मरण का येते आणि ते येण्यापूर्वी कोणत्या खुणा दिसतात, याचा उलगडा व्हावयाचा होता. त्या काळी उपचार कोणता, तर घाम आणि लाळ पाहून अॅट्रोपिन, वेदना पाहून गुंगीच्या औषधांचे मिश्रण, आणि काहीच न सुचल्यास स्टेरॉइड. यांतील एकही उपचार कोणी दुष्टपणाने करीत नव्हते. घाम व लाळ दिसली की अॅट्रोपिन देण्याचे आम्हां सर्वांस शिकविलेले होते. मात्र विंचवाच्या विषाने ही पहिली अवस्था ओसरताच अनुकंपी चेतासंस्थेचे जे तुफान उठते, त्यात अॅट्रोपिन तेलच ओतते, हे त्या शिकवणीत नव्हते.

बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, हातपायांचे तापमान, उलटी, घाम हे सारे ते तासातासाने लिहीत गेले. त्या लिखाणातून त्यांना दिसले की ज्याचे हातपाय गार पडतात, ज्यास दरदरून घाम सुटतो व उलट्या होतात, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातले आहे. 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी या पूर्वसूचक लक्षणांविषयी लिहिले. विष सोडियमच्या वाहिन्या मिटू देत नाही, अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो, आल्फा ग्राहके उत्तेजित होऊन रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते, अशी ही साखळी असल्यास ती आल्फा ग्राहकांपाशीच तोडावी, या विचाराने रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली व तिची हकिकत 1986 साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केली. प्राझोसिनपूर्वीच्या काळी पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाचे शेकडा 25 ते 30 रुग्ण मरण पावत. त्यानंतर हे प्रमाण शेकडा 1 च्या आसपास आले. याकरिता अतिदक्षता विभाग लागला नाही, दारात गोळी असली म्हणजे झाले.

पुढे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा ज्याने एका औषधावर कीर्ती मिळविली त्याने त्याच औषधास चिकटून राहणे मनुष्यस्वभावास धरून झाले असते. बावस्करांनी महाडलाच 70 रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. 35 जणांस केवळ प्राझोसिन, 35 जणांस प्राझोसिन व प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात 8 व दुसऱ्यात 32 निघाले. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ही चाचणी छापली. कोणास कोणते औषध दिले हे तीत झाकलेले नव्हते आणि रुग्णसंख्याही थोडी होती, हे आक्षेप घेता येतील. परंतु स्वतःच्याच उपचारास असे तराजूत घालण्याची वृत्ती आम्हांस पद्मश्रीहून, जी त्यांना 2022 साली मिळाली, अधिक मोलाची वाटते.

आता आपल्या घरची गोष्ट. सर्पविषावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून काढलेले असल्याने त्याची प्रतिक्रिया येऊ शकते, आणि या भीतीपोटी कातडीखाली थेंबभर टोचून अर्धा तास वाट पाहण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालत आली. या चाचणीवरून पुढील प्रतिक्रियेचे भाकीत करता येत नाही, हे 1986 सालीच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे ज्या वर्षी विंचवावरील गोळीचा लेख छापला गेला, त्याच वर्षी ही चाचणी निकालात निघावयास हवी होती. तरीही ती अद्याप कोठे कोठे चालू आहे, आणि मण्यारीच्या रुग्णाचा अर्धा तास म्हणजे काय, हे वर सांगितलेच आहे. तशीच दुसरी सवय म्हणजे आधी हायड्रोकॉर्टिसोन व अॅलर्जीविरोधी इंजेक्शन देऊन निश्चिंत होण्याची. श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर झालेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्ही औषधांनी तीव्र प्रतिक्रिया कमी झाल्याचे दिसले नाही. प्रतिविषापूर्वी कातडीखाली दिलेल्या अॅड्रेनॅलिनच्या अल्प मात्रेने मात्र पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया शेकडा 43 ने घटल्या. ज्या औषधास आपण भितो ते उपयोगी आणि ज्यावर विसंबतो ते निरुपयोगी, असा हा निर्णय आहे.

आणखी एक अगदी क्षुल्लक वाटणारी बाब सांगतो. घोणस वा फुरसे चावल्याचा संशय असता 2 मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे हलवाहलव न करता ठेवावयाचे व मग नळी तिरपी करून ते गोठले की नाही पाहावयाचे, ही चाचणी इतकी सोपी आहे की तिच्यात चूक होऊ शकते हेच कोणास पटत नाही. परंतु प्लॅस्टिकच्या नळीत, किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेल्या काचेच्या नळीतही, निरोगी माणसाचे रक्त वेळेवर गोठेलच असे नाही. आणि पंधराव्या मिनिटास नळी उचलून पाहण्याचा मोह तर कंपाउंडरपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत सर्वांस होतो. मग विष नसताना 10 कुप्या प्रतिविष चढते, रुग्णास थंडी भरते, आणि पुढच्या खऱ्या रुग्णाच्या वेळी कपाट रिकामे असते. कोरी काचेची नळी, भिंतीवरचे घड्याळ आणि शेजारी नातेवाइकाच्या रक्ताची दुसरी नळी, एवढ्या सामग्रीवर ही चूक टळते. आपल्या दवाखान्यात नळ्या कशाने धुतल्या जातात, याची चौकशी वाचकांनी आज सायंकाळीच करावी.

बढतीसाठी निबंधांची संख्या भरून काढण्याचा, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा जो बाजार मांडला गेला आहे, त्यास आम्ही संशोधन मानीत नाही. त्याविषयी अधिक लिहिण्यात शाई दवडीत नाही.

चूक लिहून ठेवण्याविषयी मात्र आमच्या मित्रांचा आक्षेप वेगळा व खरा आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली तेव्हापासून आपल्या हाताने लिहिलेली कबुली म्हणजे वकिलाच्या हाती दिलेला दाखला, असे डॉक्टरांस वाटते. आणि दवाखान्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही भीती केवळ कागदाची नाही हे उघड आहे. यावर आमच्याजवळ रामबाण तोडगा नाही. परंतु रुग्ण, डॉक्टर व गाव यांची ओळख पुसून चुकीचे तेवढे बयान जतन करणे शक्य असते, आणि तेवढ्यानेही शिकणाऱ्याचे काम भागते.

लोणीच्या त्या मुलुखात आज परिस्थिती पालटली आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावी, डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ न देण्याचा ध्यास घेऊन उपचारांबरोबर गावोगावी प्रबोधनाचे कार्य चालविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाचा उपेक्षित रोगांच्या यादीत समावेश केला. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांस कळविले. फर्माने निघाली, हे चांगले झाले. परंतु पहाटे 5 वाजता पोट धरून आलेला माणूस सर्पदंशाच्या रकान्यात जावयाचा की पोटदुखीच्या, याचा निवाडा दिल्लीत होत नाही. तो नोंदवहीपुढे पेन घेऊन बसलेला, अर्धवट झोपेतला डॉक्टर करतो.

म्हणून पुढील अंकापासून या मासिकाची दोन पाने आम्ही वाचकांच्या चुकांसाठी राखून ठेवीत आहोत. लेख नको, तक्ते नकोत, संदर्भांची माळ नको. रुग्ण आला तेव्हा काय दिसले, आपण काय समजलो, खरे काय निघाले, आणि कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, एवढे चार ओळींत लिहावे. रुग्णाचे, गावाचे व दवाखान्याचे नाव घालू नये. स्वतःचे नाव तर पाकिटावरही नको. पत्रे महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पोहोचावीत. पहिली नोंद आमचीच छापली जाईल, आणि तिच्यात 'पोटदुखी' हा शब्द खोडून त्या जागी 'मण्यार' असे लिहिलेले असेल.