आधी वाचणारा शोधा!

मुलांनो, तुमच्याच वयाच्या एखाद्या मुलाने येऊन विचारलं, "मी शाळेत जात नाही, घरीच शिकतो. गणित सुटतं, विज्ञान समजतं, पण निबंध लिहायला बसलो की चार ओळींपुढे गाडी जात नाही. काय करू?" तर तुम्ही त्याला काय सांगाल?

"भरपूर वाच," कोणी म्हणेल. "रोज एक पान शुद्धलेखन काढ," दुसरा म्हणेल. "सुविचार पाठ कर, मधे मधे पेरता येतात," असंही एखादा हुशार सांगेल! यात वाईट काहीच नाही. पण माझं उत्तर थोडं वेगळं आहे. आज तेच सांगणार आहे. शाळेत जाणाऱ्यांनी मात्र पान उलटू नये बरं का, कारण हे तुमच्याही कामाचं आहे.

घरी शिकणारी मुलं तुमच्या आसपासही असतील. कोणाची तब्येत बरी नसते, कोणाच्या आईवडिलांनी विचार करून तसं ठरवलेलं असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून अशा मुलांना तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात, पुढे दहावी-बारावीही करता येते. मुंबईच्या मालविका जोशीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सातवीत असताना तिच्या आईने तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत तिला प्रवेश मिळाला. तेव्हा घरी शिकणारी मुलं मागे पडतात, असं मुळीच समजू नका.

पण एक गोष्ट घरात मिळणं अवघड असतं. ती म्हणजे वर्ग! वर्गात एखाद्याने निबंध वाचून दाखवला की तीस-चाळीस जोडी कान तो ऐकतात. कोणी हसतं, कोणी जांभई देतं, मागच्या बाकावरून "मग पुढे काय झालं?" असा आवाज येतो. लिहिणाऱ्याला लगेच कळतं, कुठे जमलं आणि कुठे फसलं. घरी मात्र वही आईकडे जाते, आई चुकांवर लाल गोल करते आणि वही मिटते. ते लिखाण कोणासाठी लिहिलं होतं? कोणासाठीच नाही! मग हात चालणार कसा?

आमच्या उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये, असाच एक बारा वर्षांचा मुलगा आहे. पाचवीनंतर तब्येतीमुळे तो घरीच शिकतो. गणित-विज्ञान आई घेते. शेजारधर्म म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी मराठीपुरती त्याच्याकडे जाते. त्याने मला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दाखवला. त्यात धरणीमातेने हिरवा शालू पांघरला होता आणि मोर थुईथुई नाचत होते.

"अरे, मोर कुठे पाहिलास?" मी विचारलं.

"गाईडमध्ये," तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. मग मी वही मिटली आणि म्हटलं, "आता कालच्या पावसाचं तोंडी सांग." त्याबरोबर तो सुरूच झाला. पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो की टीव्हीतला माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो. खाली दाल-पकवानची गाडी लागते. तिथले काका पावसात छत्री उघडतात, पण स्वतःच्या डोक्यावर धरत नाहीत. कढईवर धरतात! स्वतः चिंब भिजतात आणि पकवान तळत राहतात.

बघा, केवढी छान गोष्ट त्याच्या खिडकीखाली होती! पण ती निबंधात आलीच नाही. का? तर निबंधात असलं लिहायचं नसतं, असं त्याला वाटत होतं. शिवाय ते लिहून दाखवायचं कोणाला? आई तर त्याच खिडकीतून ते रोज बघते.

तुम्हाला वाटेल, ही अडचण आताची आहे. छे! आपल्या शेजारच्या कल्याणातच, दीडशे वर्षांपूर्वी, एक मुलगी अशीच घरी शिकत होती. तिचं माहेरचं नाव यमुना. लग्नानंतर ती झाली आनंदी. हो, त्याच डॉक्टर आनंदीबाई जोशी!

आनंदीबाईंचं लहानपण कल्याणात गेलं. लग्नाच्या वेळी त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळात मुलीने पाटी धरली तरी लोक नावं ठेवायचे. बदली होईल तिथे गोपाळराव त्यांना बरोबर नेत आणि घरी शिकवत. मधे थोडे दिवस त्या मिशनच्या शाळेतही गेल्या, पण बराचसा अभ्यास घरातच झाला. गोपाळराव मोठे तापट होते. अभ्यास झाला नाही तर मारतसुद्धा. हे चूकच होतं, असं आज आपण स्पष्ट म्हटलं पाहिजे. धाकाने पाठांतर होईल एखादे वेळी, पण मनातलं कागदावर उतरायला धाक उपयोगी पडत नाही.

मग आनंदीबाई लिहायला कशा लागल्या? ऐका. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि १८८० साली, ओळख ना पाळख, त्यांनी पत्र पाठवलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या, म्हणजे तुमच्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्या उत्तर लिहायला बसल्या. पत्र बोटीने जायचं, उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे. तरी दोघींची पत्रं थांबली नाहीत. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या!

आता विचार करा. रोझेलच्या या मावशीने कल्याण पाहिलेलं नाही. आपले सण, आपलं जेवण, आपल्या चालीरीती यांतलं काहीच तिला ठाऊक नाही. तिला सगळं समजेल असं सांगायचं, तेही इंग्रजीत, म्हणजे परक्या भाषेत. तिथे "सण उत्साहाने साजरा केला" असं एक वाक्य टाकून भागेल का? सण म्हणजे काय, त्या दिवशी घरात काय करतात, का करतात, हे सगळं लिहावं लागतं. वाचणारी लांब होती आणि तिला जाणून घ्यायचं होतं. पुढे तर लहान वयातली लग्नं आणि बायकांचं आरोग्य अशा मोठ्या विषयांवरही दोघी एकमेकींना लिहू लागल्या.

हे लिहिणं पुढे फार मोठ्या कामी आलं. आनंदीबाईंचं बाळ जन्मानंतर दहा दिवसांतच गेलं होतं. बायकांना उपचार करणारी बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. १८८३ साली त्या गोपाळरावांशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या आणि २८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी अर्ज लिहिला. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. पण आपल्या देशातल्या बायकांना खऱ्या उपचारांची किती गरज आहे आणि त्यासाठी आपण का आलो, हे नीट मांडलं. त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं. पण त्या अर्जामागे तीन वर्षांची पत्रं होती, हे विसरू नका.

तर मुलांनो, माझं उत्तर हे असं आहे. आधी वाचणारा शोधा, मग लिहा!

आमच्या त्या मुलालाही मी हेच सांगितलं. "शाळेतला तुझा जुना मित्र हल्ली येत नाही ना? मग त्याला पत्र लिही." पहिलं पत्र कसं होतं? "तू कसा आहेस? मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. कळावे." झालं! मी म्हटलं, "हे तर कोणीही कोणालाही लिहील. जे फक्त तुला दिसतं आणि त्याला दिसत नाही, ते लिही." मग छत्रीवाले काका पत्रात आले, पत्र्याचा आवाज आला, मुकेपणाने बोलणारा टीव्हीतला माणूसही आला.

आठ दिवसांनी मित्राचं उत्तर आलं. वहीचा अर्धा कागद आणि त्यावर दोनच प्रश्न. "ते काका छत्री स्वतःच्या डोक्यावर का धरत नाहीत? आणि मी रविवारी आलो तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. पहिल्यासाठी आमचे लेखक चक्क जिना उतरून गाडीपाशी गेले आणि काकांनाच विचारून आले. काका म्हणाले, "डोकं काय, पुसता येतं. गरम तेलात पाणी पडलं तर तेल अंगावर उडेल!" हे वाक्य दुसऱ्या पत्रात जसंच्या तसं गेलं. ते पत्र दोन पानं भरलं. 'दोन पानं लिही' असं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे, एक माणूस ठरवा. गावची आजी, बदलापूरची मावशी, शाळा बदललेला मित्र, कोणीही चालेल. अट एकच, त्याने तुमचं लिखाण खरोखर वाचलं पाहिजे आणि उत्तर दिलं पाहिजे.

दुसरं, लिहिण्याआधी तोंडी सांगा. भिंतीला सांगितलं तरी चालेल! लक्ष्मीबाई टिळक तर कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरात. पती ना. वा. टिळक यांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलाने, देवदत्त यांनी, आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. बाईंनी बोलल्यासारख्याच त्या लिहिल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' आज मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र मानलं जातं. पाहिलंत? तिथेही समोर वाचणारा होताच, पोटचा मुलगा!

तिसरं, वाचणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला सांगा. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. लाल पेन पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. "मला हे कळलं नाही" आणि "याबद्दल अजून सांग" एवढंच म्हणा. मूल त्या प्रश्नांची उत्तरं घालून पुन्हा लिहील. खरं लिखाण या दुसऱ्या खेपेत होतं.

चौथं, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य लांबलेलं असतं. ते तोडा.

आणि शुद्धलेखन? ते हवंच. पण सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच नियम. या आठवड्यात हा घ्या: मराठी शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ लिहायचा. म्हणून पाणी, मी, तू, की. 'कि' नाही हं! अपवाद 'आणि' आणि 'नि' यांचा. पत्रातले असे शब्द शोधा आणि तपासा. स्वतःच्या चुका स्वतः पकडायला गंमत येते.

"पण ताई, परीक्षेत कुठे मावशी असते?" अशी शंका येईल कोणाला. बरोबर आहे. पण तपासणारे सर किंवा बाई असतातच की! त्यांनी तुमची गल्ली पाहिलेली नाही. हिरवा शालू मात्र त्यांनी त्याच दिवशी पन्नास वेळा वाचलेला असतो. एकावन्नाव्या वहीत कढईवर धरलेली छत्री दिसली तर त्यांनाही बरं वाटेल. निबंधाची सुरुवात, मधला भाग, शेवट, पत्राचा मायना हे सगळं शिकायचंच. पण आत घालायला तुमचं स्वतःचं काही असलं, की मगच त्या साच्यांचा उपयोग.

या आठवड्याचा गृहपाठ: पोस्टातून एक पोस्टकार्ड आणा. त्यावर जागा कमी असते, ते बरंच आहे. तुमच्या खिडकीतून किंवा दारातून रोज दिसणारी, पण दुसऱ्या गावच्या माणसाला माहीत नसलेली एकच गोष्ट त्यावर लिहा. शेवटी एक प्रश्न विचारायला विसरू नका, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. आणि तुमच्या ओळखीत कोणी घरी शिकणारं मूल असेल, तर पहिलं कार्ड त्यालाच पाठवा. त्याला वाचणारा मिळेल आणि तुम्हालाही.